चांदणी लावलेलं वाक्य

३ जानेवारी

माननीय लेखिका यांस,

आपल्या गॉथिक व्याकरणाच्या पहिल्या तीन पाठांची प्रुफं सोबत आहेत. दुरुस्त्या हिरव्या शाईने कराव्यात. लाल शाई आमच्या मुद्रितशोधक बाईंची आहे, पेन्सिल माझी. दोन शाया एकाच ओळीवर आल्या की कुणाचं खरं धरायचं हा प्रश्न पडतो, आणि छापखान्यात तो सहसा चुकीच्या बाजूने सुटतो.

हस्तलिखितात ‘थ’ उच्चाराचं जे काट्यासारखं अक्षर आहे, ते आमच्या फॉन्टमध्ये नव्हतं. त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटत होता. ते मी नव्याने आखून बसवलं आहे. उंची शेजारच्या अक्षरांशी जुळते का, ते पाहावं. पत्रात मात्र मी गॉथिक शब्द देवनागरीतच लिहीन. दर पत्रात काटा काढत बसायला मला वेळ नाही.

पान ११. गॉथिकमध्ये एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन आहे असं सांगून आपण पुढे लिहिलं आहे, ‘द्विवचन आता फक्त मी आणि तू यांच्या घरात उरलं आहे; तो, ती, ते यांना ते मिळत नाही.’ ‘घरात’ हा शब्द ठेवायचा का? व्याकरणात घर कुठून आलं?

पान १४. ‘वित्’ म्हणजे आम्ही दोघं. ‘युत्’ म्हणजे तुम्ही दोघं. यातल्या दुसऱ्या शब्दाच्या आधी एक चांदणी (*) आहे. ती मुद्दाम आहे की हात चुकून पडली? चूक असल्यास काढते.

आपलं आणि माझं आडनाव एकच आहे. कामाशी त्याचा संबंध नाही. मालकांनी विचारलं तेव्हा मी योगायोग म्हणून सांगितलं.

आपली,
तांत्रिक तपासणी विभाग

१९ जानेवारी

माननीय लेखिका यांस,

दुरुस्त प्रुफं मिळाली. चांदणीबद्दल आपण समासात लिहिलं आहे: ‘मुद्दाम आहे. एखादं रूप नियमाने असायलाच हवं, पण लिहिलेलं कुठेच सापडलेलं नाही, तेव्हा त्याच्यापुढे चांदणी लावतात. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे अंदाजाने घडवलेलं आहे, पुरावा नाही. काढू नकोस.’

आधीच्या सव्वीस दुरुस्त्यांत ‘काढू नये’, ‘बदलावे’, ‘पाहावे’ असं होतं. सत्ताविसावीत ‘काढू नकोस’. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात: ‘धाकटे, तूच आहेस ना?’

हो. मीच आहे. पगारी.

तेव्हा मीही ‘आपण’ सोडते. त्याने कागद वाचतो, बाकी काही नाही.

तू हा छापखाना मी इथे आहे म्हणून निवडलास की दुसरा कोणी हे पुस्तक घ्यायला तयार नव्हता म्हणून, ते विचारत नाही. मालकांना दुसरं कारण माहीत आहे आणि त्यांना ते पुरतं. हस्तलिखित आलं त्या दिवशी त्यांनी ते मधूनच उघडलं आणि म्हणाले, “ही भाषा बोलतं कोण?”

मी म्हटलं, “कोणी नाही. शेकडो वर्षं झाली.”

“मग शिकणार कोण?”

“ज्यांचं जिवंत माणसांशी पटत नाही ते,” मुद्रितशोधक बाई मान वर न करता म्हणाल्या. त्यांना इथे सगळे मात्राबाई म्हणतात. हरवलेली मात्रा त्यांना तीन टेबलं पलीकडून दिसते. माणसांतलंही बरंच दिसतं, पण ते त्या लाल शाईने लिहीत नाहीत.

पाठ चार आणि पाच सोबत आहेत.

तांत्रिक तपासणी

९ फेब्रुवारी

लेखिका यांस,

तू विचारलंस की ‘लेलोत’मधली चूक मला कशी सापडली, ती तर मात्राबाईंच्याही नजरेतून सुटली होती. उत्तर सोपं आहे. मी ही भाषा शिकतेय. गैरसमज नको. मी अभियंता आहे. ज्याचा नियम मला कळत नाही, ते मी तपासून सही करू शकत नाही. रोज डबा संपवून अर्धा तास. विभक्ती झाल्या, वर्तमानकाळ झाला, आता भूतकाळ चालू आहे.

भूतकाळाला तू बराच वेळ घेतला आहेस.

‘लेतन्’ म्हणजे सोडणं, टाकून जाणं. भूतकाळात पहिलं व्यंजन दोनदा येतं: ‘लेलोत’. पाठात तू लिहिलं आहेस की काही थोड्या क्रियापदांनाच ही दुहेरी सवय आहे. उदाहरणासाठी नेमकं हेच कसं सुचलं? एकदा सोडून भागत नाही म्हणून?

वडिलांसाठीचा शब्द ‘अत्ता’. मात्राबाईंनी त्यावर लाल शाईने काना दिला आणि ‘आत्ता’ केलं. मी म्हटलं, “शब्द बरोबर आहे. त्यांच्यात बापाला अत्ता म्हणतात.”

मालक म्हणाले, “नशीबवान लोक. आमच्याकडे बाप म्हणजे ‘बघू, नंतर’.”

आपले तर ‘नंतर’सुद्धा म्हणाले नाहीत. चपला घातल्या आणि गेले. ‘आपले’ असं लिहून गेले मी. खोडत नाही, पत्र घाण दिसतं.

‘वीस’ म्हणजे आम्ही, यावर मालकांनी दिवसभर विनोद केले. “वीस म्हणजे आम्ही? इंजिनीअरबाई, मोजून बघा, इथे आम्ही तिघंच आहोत.” आईसाठीच्या ‘ऐथी’तला ‘थ’ मात्राबाईंनी सरळ उडवला आणि ऐ चा आ केला. त्यांना वाटलं, मला ‘आई’ लिहिता येत नाही.

आता कामाचं. पाठ पाच, स्वाध्याय, वाक्य सहा: ‘मुलगी दार उघडत नाही.’ व्याकरण बरोबर आहे. पण बाकीच्या वाक्यांत राजे आहेत, मेंढ्या आहेत, नद्या आहेत. मध्येच हे दार. कुठलं दार, ते आपल्या दोघींना माहीत आहे. बाकीचे वाचक ते फक्त नकारार्थी वाक्य म्हणून वाचतील, म्हणून राहू देते.

तांत्रिक तपासणी

२ मार्च

ताई,

हे पत्र प्रुफांबरोबर नाही. वेगळं पाठवतेय, मालकांच्या नजरेखालून जायला नको म्हणून.

पाठ नऊ. स्वाध्याय. वाक्य अकरा. ‘सत् अत् ऐथीन.’

‘सितन्’ म्हणजे बसणं. ‘सत्’ भूतकाळ. ‘अत्’ म्हणजे जवळ, आणि त्याच्यापुढे आईची विभक्ती. मला हे वाक्य लावायला अर्धं मिनिटही लागलं नाही. ‘मी आईजवळ बसले होते.’

हे तू लिहिलंस? तू?

पुस्तकात हवं ते लिही. मेंढ्या लिही, राजे लिही. आपल्या बापाला ‘अत्ता’ म्हण. पण ज्या खाटेजवळ तू चौदा महिन्यांत एकदाही आली नाहीस, तिथे स्वाध्यायाच्या अकराव्या वाक्यात येऊन बसायचं, आणि वर अनोळखी पोरांनी त्याचं भाषांतर करून गुण मिळवायचे? लाजेलाही काही व्याकरण असतं.

बसले मी. आई अंथरुणाला खिळल्यापासून मी एक वही ठेवली होती, चौकटीच्या कागदाची. सकाळी सातपासून दर दोन तासांनी एक नोंद: ताप, पाणी किती गेलं, कूस बदलली का, काही बोलली का. सात, नऊ, अकरा, एक, तीन, पाच, सात, नऊ. चौदा महिने. एकही रकाना रिकामा नाही. डॉक्टर ती वही चाळून म्हणाले होते, “आमच्या नर्स अशा लिहीत नाहीत.” पुरावा म्हणतात तो असा असतो.

आणि तुला म्हणून सांगते, कारण तुझ्याखेरीज याचा त्रास दुसऱ्या कुणाला व्हायचा नाही. शेवटचे चार-पाच महिने आई मला ‘मोठे’ म्हणायची. “मोठे, पाणी दे गं.” “मोठे, जरा पडदा सार.” मी पाणी द्यायचे, पडदा सारायचे. पहिल्यांदा म्हटलं, “आई, मी धाकटी.” ती हसली आणि म्हणाली, “ती कामाला गेली असेल. तिला कुठे वेळ असतो?”

त्यानंतर मी दुरुस्त केलं नाही.

म्हणजे आईच्या हिशेबी तू तिथे होतीसच. आता छापील पुस्तकातही असणार. मग मी कुठे होते?

वाक्य काढ. त्याच्या जागी मेंढ्यांचं एखादं टाक. उत्तराची वाट पाहते. तो फर्मा मी अडवून ठेवलाय. फर्मा म्हणजे एकदम छापायची सोळा पानं. तुला हे माहीत असेल, पण मी गृहीत धरत नाही.

धाकटी

१८ मार्च

ताई,

प्रुफं आली. वाक्य अकराशी हिरव्या शाईत तू लिहिलं आहेस: ‘वाक्य बरोबर आहे. राहू दे. उत्तरसूची तपासतेय, ती सगळ्यात शेवटी पाठवीन.’ आणि पान उलटल्यावर पाठीमागे: ‘तू आम्ही लिहिलं होतंस.’

एवढंच. दोन वर्षांनंतर तुझी बाजू चार शब्दांत. भाषा शिकवणाऱ्या माणसाला शोभतं.

हो, लिहिलं होतं. आई पडली त्या आठवड्यात तू मेसेज केलास, ‘रजा काढून येऊ का?’ मी उत्तर दिलं, ‘आम्ही बघतो. तुझं काम चालू दे.’

गॉथिकमध्ये ‘वीस’ एकच आहे. ज्याच्याशी बोलतोय तो त्या आम्हीत आहे की नाही, ते त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत कळतं. ‘आपण बघू’ म्हटलं की दार उघडं, ‘आम्ही बघतो’ म्हटलं की बंद. गॉथांनी दोघांसाठी वेगळा शब्द ठेवला आणि आपल्या लोकांनी बाहेर काढण्यासाठी. ज्याला ज्याची गरज.

लिहिताना मला हे कळत होतं का, असं तू विचारशील. कळत होतं. ‘आपण’ आधी लिहिलं होतं. पुसलं.

पण तू एक विचार केला नाहीस. त्या घरात ‘आम्ही’ होण्याइतकी माणसं होती कुठे? मी आणि अंथरुणावरची आई. बाप नाही, तू नाही. एका माणसाने ‘आम्ही’ लिहिलं तर त्याचा अर्थ काय होतो, हे मोठ्या बहिणीला कळायला व्याकरण लागत नाही. ज्याला यायचं असतं तो ‘येऊ का’ विचारत नाही, पिशवी उचलतो. आणि ज्याला यायचं नसतं त्याला एक सर्वनाम पुरतं.

तू आलीस ती आई गेल्यावर चौथ्या दिवशी. खोली धुऊन झाली होती, खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. तू बेल वाजवलीस. मग दारावर हात मारलास. “धाकटे, उघड. मला माहीतेय तू आत आहेस.” मी दाराच्या अलीकडे, चपलांच्या रॅकवर बसले होते. तू अकरा मिनिटं होतीस. मग जिना उतरल्याचा आवाज आला.

ते दार. पाठ पाच, वाक्य सहा. तेव्हाही मी तक्रार केली नाही, कारण ते खरं होतं. खऱ्या वाक्याला माझी हरकत नसते. अकरावं वाक्य खोटं आहे.

धाकटी

५ एप्रिल

ताई,

मालकांनी धीर सोडला. कागद येऊन पडलाय, मशीन रिकामं आहे, उत्तरसूची तुझ्याकडेच. ते म्हणाले, “इंजिनीअरबाई, एका वाक्यासाठी सोळा पानं किती दिवस अडवायची? गॉथ लोक परत येणार आहेत का तक्रार करायला?” पाठ आठ ते दहाचा फर्मा काल छापून झाला.

वाक्य अकरा मी काढलं नाही. लेखिकेच्या परवानगीशिवाय शब्द काढायचा नाही, हा नियम मी पाळला. मी त्याच्यापुढे एक चांदणी लावली.

तुझीच खूण, तुझाच अर्थ. नियमाने असायला हवं, पण पुरावा नाही. मुलीने आईजवळ बसायला हवं होतं. बसल्याचा पुरावा नाही. याहून अचूक दुरुस्ती मी आजवर केलेली नाही.

मात्राबाईंना ती दिसलीच. “ही चांदणी कुणाची?”

“लेखिकेची.”

“हिरव्या शाईत नाही.”

“फोनवर सांगितली.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “दिवसाढवळ्या चांदण्या दिसायला लागल्या वाटतं तुला. ठीक आहे. तुझी सही आहे, मला काय.”

हजार प्रती. तुला आधी कळवता आलं असतं. मुद्दामच कळवलं नाही. तू माझ्याकडून दोन वर्षांपूर्वी एक सर्वनाम घेतलंस आणि त्यावर चौदा महिने काढलेस. मी एक चांदणी घेतली.

धाकटी

२० एप्रिल

ताई,

उत्तरसूची आज सकाळी आली. दुपारपर्यंत मी ती उघडली नाही, आधीच्या कामाचा ढीग होता. डबा खाऊन झाल्यावर पाकीट फोडलं आणि जुळणीला घेतलं. पाठ एक, दोन, तीन. नेहमीप्रमाणे एका बाजूला वाक्य, एका बाजूला उत्तर, पेन्सिलीने टिक.

पाठ नऊ, वाक्य अकरा: ‘ती आईजवळ बसली होती.’

मी टिक केली. पुढच्या ओळीवर गेले. मग परत आले.

पान ८८, नियम ४१: ‘या क्रियापदांच्या भूतकाळात प्रथम पुरुष आणि तृतीय पुरुष एकवचनाचं रूप एकच असतं. सत्: मी बसलो, मी बसले, तो बसला, ती बसली. सर्वनाम गाळलं असेल तर कोण बसलं हे संदर्भावरून ठरवावं.’ हा नियम मी स्वतः तपासलाय. खाली माझी पेन्सिलीची सही आहे, तारखेसह. ‘संदर्भावरून’मधला अनुस्वार नीट उमटला नव्हता, तो मी दुरुस्त केला होता.

अनुस्वार दिसला. नियम दिसला नाही.

आणि त्याच्या लगेच खाली बारावं वाक्य, जे मी तेव्हा रागाच्या भरात नुसतं टंक पाहून पुढे ढकललं होतं. एकच शब्द: ‘सेतु’, पुढे तुझी चांदणी. तुझं उत्तर: ‘आम्ही दोघी बसलो होतो. (हे रूप लिहिलेलं सापडत नाही.)’ पुलाचा विनोद तू केला नाहीस, त्याबद्दल आभार.

म्हणजे तू खरं ते साधं लिहिलंस आणि जे झालं नाही त्याला आपणहून चांदणी लावलीस. आणि मी हजार प्रतींत खऱ्याला चांदणी लावली. ते वाक्य माझ्याबद्दल होतं.

तू मार्चमध्येच सांगू शकली असतीस. ‘तू चुकीचं लावते आहेस, ते ती आहे’ एवढं हिरव्या शाईत. त्याऐवजी ‘वाक्य बरोबर आहे, राहू दे.’ मी चिडून किती खोल जाते, ते पाहत होतीस? की तुला वाटलं, नियम ४१ जिने तपासला तिला तो सांगायची गरज नाही? तुझा नेहमीचा मोठेपणा. दुसऱ्याला सगळं येतं असं धरायचं आणि निघून जायचं.

मी काही माफी मागत नाहीये. तू आली नाहीस, हे कुठल्याही पुरुषात आणि वचनात खरंच राहतं.

धाकटी

२६ एप्रिल

ताई,

तू काल मालकांना फोन केलास. मी मशीनपाशी होते. परत आले तर मालक आणि मात्राबाई दोघंही माझ्या टेबलाशी उभे.

“योगायोग म्हणाला होतात,” मालक म्हणाले. “आडनाव. योगायोग!”

“काय म्हणाल्या त्या?”

“रागावल्या नाहीत हो. उलट. म्हणाल्या, प्रत्येक प्रतीत एक शुद्धिपत्र चिकटवा, खर्च माझा. पान ९४, वाक्य अकरा, चांदणी काढावी. मी म्हटलं, एवढ्याशा खुणेसाठी हजार चिठ्ठ्या? तर म्हणतात कशा, ‘त्या वाक्याला पुरावा आहे. माझी धाकटी बहीण खरंच बसली होती. शेवटपर्यंत आईचा हात तिच्या हातात होता. ते चांदणीखाली जाऊ देणार नाही.’” मालकांचा आवाज बदलला होता. ते खुर्चीवर बसले. “आम्हाला कधी बोलला नाहीत, इंजिनीअरबाई. तेव्हा घरून काम करायचात, पण बोलावलं की लगेच यायचात.”

मात्राबाई माझ्याकडे बघत राहिल्या. हरवलेली मात्रा दिसल्यावर बघतात तशा.

शुद्धिपत्र मी जुळवलं. दोन ओळी. ते समोर आहे. चार वाजता मशीनवर जाईल. आता तीन वाजायला दहा मिनिटं आहेत. हे पत्र तेवढ्यात संपवायचं आहे.

मी तुला मेसेज केला होता, ‘आई गेली. तीन वाजता. मी जवळ होते. हात हातात होता.’ तू तो ठेवलास. त्यावर तू इतके महिने काय काय बांधलंस, ते मला काल कळलं. निदान ती एकटी नव्हती, असं तू स्वतःला सांगत असशील. तुझ्या जागी मी असते तर तेच सांगितलं असतं.

त्या दिवशी दुपारी आईचा डोळा लागला होता. एकची नोंद केली: पाणी चार चमचे, ताप नाही. सव्वादोनला मालकांचा फोन आला. एका पुस्तकाचं शेवटचं पान मशीनवर चढलंय, कुणीतरी बघून सही करायला हवी, मात्राबाई रजेवर. छापखाना घरापासून पाच मिनिटांवर. मी म्हटलं, येते. जाताना आईला सांगितलं नाही, उठली असती. खरं सांगू? मला जायचं होतं. चौदा महिन्यांत त्या खोलीबाहेर जायला कुणी बोलावलं की मला बरं वाटायचं.

मी नेहमीपेक्षा सावकाश तपासलं. मशीनमनने चहा दिला, तोही प्याले, उभ्याने नाही, बसून. त्या पानावर चूक एकच होती, एक जास्तीचा स्वल्पविराम. तो काढला, सही केली. वेळ टाकली: तीन वाजून पाच मिनिटं. तो कागद अजून इथल्या कपाटात आहे. मघाशी काढून पाहिला.

तीन वीसला घरी पोहोचले. आईचा हात खाटेबाहेर लोंबत होता. पाण्याच्या भांड्याच्या दिशेने.

आधी मी डॉक्टरांना बोलावलं नाही. आधी वही उघडली. तीनचा रकाना रिकामा होता. चौदा महिन्यांत एकही रिकामा नव्हता. मी त्यात लिहिलं, ‘३.००. शांत. जवळ बसले आहे.’ मग हात उचलून खाटेवर ठेवला, आणि मग फोन केला. डॉक्टरांनी वही पाहिली, वेळ तीन लिहिली. त्यांनी ती नोंद खरी धरली, तू माझा मेसेज खरा धरलास, आणि हळूहळू मीही धरू लागले. मार्चमध्ये तुला ‘पुरावा म्हणतात तो असा असतो’ लिहिलं तेव्हा हात अडखळला नाही. हे मला आज जास्त भीतीदायक वाटतं.

आधीचा आणि नंतरचा रकाना बघून मधला भरला होता. नियमाने असायलाच हवं म्हणून घडवलेलं रूप. तुझ्या भाषेत त्याला काय लावतात, ते तूच मला शिकवलंस.

तिने पाणी मागितलं असेल, तर कुणाला हाक मारली असेल? ‘मोठे’ म्हणाली असेल. मीही नव्हते, तूही नव्हतीस. म्हणून तुला चौथ्या दिवशी दार उघडलं नाही. तू आत आली असतीस तर पहिला प्रश्न विचारला असतास, शेवटी काय म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्यावर रागावणं त्याहून सोपं होतं. आणि तो राग खोटा नव्हता, एवढं मात्र लक्षात ठेव. तू आली असतीस तर मी चहाला बसले तरी खोलीत कुणीतरी असतं.

‘सत्’ म्हणताना गॉथांना सोय होती. मी की ती, ज्याने त्याने संदर्भावरून ठरवायचं. मराठीत ती सोय नाही. मराठीत क्रियापद माणसाला धरून ठेवतं. मी बसले नव्हते.

मालकांना सांगतेय, शुद्धिपत्र छापू नका. चांदणी जिथे पडली आहे तिथे बरोबर आहे.

धाकटी